डाव्या हाताचा रंधा

अकोले गावाहून भंडारदऱ्याकडे जाताना रस्त्याला लागून बन्सी सुतारांचं घर आहे. बन्सीनाना स्वतः घरं बांधत नसत, बांधणाऱ्या सुतारांसाठी हत्यारं करत. बाभळीचे रंधे, लाकूड तासायच्या वाकसाचे दांडे, काटकोन तपासायचे लाकडी गुण्ये. डोंगरातल्या घरांचे खांब-तुळया अजूनही हातानं तासणारे सुतार त्यांच्याकडेच येत.

दोन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण उजव्या हाताची पकड काही परतली नाही. काही महिने ते ओट्यावर नुसते बसून असत. कुणी हत्याराची चौकशी केली, की आत निघून जात.

एकदा त्यांनी जुना रंधा डाव्या हातात धरून फळीवर ओढून पाहिला. उजव्या पंजासाठी कोरलेली मूठ तळव्यात रुतली. त्यांनी रंधा आपटला.

छबूबाई, त्यांची बायको, भाजी निवडत होती. ती म्हणाली, "हात बदलला, मंग मूठ नको का बदलायला?"

"आन् लाकूड कोन धरनार?"

"मी हाय ना."

पहिला रंधा फसला. पात्याची खाच रुंद झाली, पातं थरथरायला लागलं. दुसऱ्या वेळी छबूबाईनं ठोकळा दोन्ही पायांत आवळून धरला आणि नानांनी डाव्या हातानं हळूहळू कोरला. मूठ उलट्या वळणाची झाली. फळीवरून पातळ, अखंड ढलपी निघाली, तेव्हा नानांनी रंधा पुन्हा एकदा ओढून पाहिला.

पुढं राजूरचा वाल्मिक सुतार दांडा न्यायला आला. त्यानं तो रंधा सहज उचलला, चालवला आणि थांबला.

"नाना, ह्यो डावखुऱ्याचा हाय?"

"माझा हाय. हात गेलेल्या मानसाचा."

"मी जल्माचा डावखुरा. बापानं मारून मारून उजव्यानं काम शिकवलं. मला असला एक द्या की."

नानांना आधी त्याचा रागच आला. लाचारीतून केलेली वस्तू हा हौसेनं मागतो आहे, असं त्यांना वाटलं. पण वाल्मिक रंधा खाली ठेवायला तयार नव्हता.

त्याचा रंधा करायला पावसाळा उलटला. आता नाना उजव्या आणि डाव्या, दोन्ही हातांसाठी हत्यारं करतात, पहिल्यापेक्षा कितीतरी सावकाश. पातं घट्ट बसवायच्या पाचरी छबूबाई तासते. त्यातल्या काही ते अजून नापास करतात, आणि ती त्या चुलीत घालते.