पाणी पिण्यायोग्य असल्याचा खुलासा

आपला मुलगा अनिरुद्ध 'मी' म्हणायचं विसरलाय, ही गोष्ट चंद्रप्रभाबाईंच्या मनातून काही केल्या जाईना. जेवलास का विचारलं की तो म्हणायचा, "जेवण करण्यात आलं." आधी ती गंमत होती, तुळजापूरच्या घरात सगळेच हसायचे. हल्ली तो स्वतः हसत नव्हता.

कॉलेज संपल्यावर त्यानं एका दैनिकाला बातम्या पाठवल्या, मग धाराशिवला एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर प्रेसनोटा लिहिल्या. पाहणी करण्यात आली, सूचना देण्यात आल्या. कुणी केली, कुणी दिल्या, ते त्यात कधीच नसायचं. साहेबांना त्याचा लिहिण्याचा हात आवडला. पुढं एका खासगी संस्थेनं त्याला जनसंपर्क सल्लागार म्हणून घेतलं. एखाद्या खात्यावर टीका झाली की त्या खात्याच्या वतीनं खुलासा लिहायचा, हे त्याचं काम.

"सरकारी पुजारी," त्याचे वडील विष्णुपंत चिडवायचे. "देव दुसऱ्याचा, मंत्र ह्याचा."

या आठवड्यात उमरग्याकडच्या एका गावात जुलाब-उलट्यांची साथ आली आणि लोकांनी नळाच्या पाण्याकडं बोट दाखवलं. आज सकाळी अनिरुद्धचा खुलासा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. तपासणी करण्यात आली असून पाणी पिण्यायोग्य आहे.

त्याच गावात चंद्रप्रभाबाईंची कॉलेजातली मैत्रीण उमादेवी राहते. तिचा लगेच फोन आला.

"तुझ्या पोरानंच लिहिलंय न्हवं गं? वाचलं अन् जीव भांड्यात पडला. पाणी उकळून उकळून सिलेंडर संपायला आलं होतं. आता सरळ नळाला तांब्या."

"त्यानं लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असंल," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. आवाजातला तोरा त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावत असताना अनिरुद्धचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"आई, पाण्याचा अहवाल आत्ता आला. पाणी खराब आहे."

"मग सकाळी कसं लिहिलंस?"

"अहवाल चांगलाच येणार, असं सांगण्यात आलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"ते जाऊ दे, आई."

"मग आता दुसरा खुलासा काढ की."

"उद्याच्या बैठकीनंतर निर्णय घेण्यात येईल. तोवर बाहेर कळू द्यायचं नाही. कळलं तर सगळं माझ्यावर ढकलतील. पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. तू कुणाला बोलू नकोस."

"लोक पितायत रे ते पाणी. उमा पितीय. तिची नात पितीय."

मग तो लहानपणी रडायचा तसा रडला. "मी काय करू, आई?"

किती महिने ज्या 'मी'ची त्या वाट बघत होत्या, तो असा आला. त्या काही बोलायच्या आत फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद. धाराशिवच्या भाड्याच्या खोलीत त्याच्याजवळ कुणी नाही, हे त्यांना आठवलं.

त्यांनी मोबाइलवर उमादेवीचा नंबर काढला. काय सांगायचं ते मनात जुळवू लागल्या. पाणी खराब असल्याचं समजलं आहे. पण उमा विचारणारच, कुणाकडून समजलं? सकाळी खात्री आपणच दिली होती. अनिरुद्धनं सांगितलं, असं म्हटल्याशिवाय ती तांब्या खाली ठेवणार नव्हती. आणि तसं म्हटलं की उद्या गावभर पोराचं नाव फुटणार.

विष्णुपंतांना हाक मारून त्या म्हणाल्या, "गाडी काढा. पोराकडं जायचंय." आणि त्यांनी उमादेवीला फोन लावला. "उमा, ते पाणी पिऊ नका, मला अनिरुद्धनं सांगितलंय."