बसप्पा शिपायाची अंगठ्यांची पारख

नगरपरिषदेचा शिपाई बसप्पा कुणावर विश्वास ठेवायचा नाही. घड्याळावरसुद्धा नाही. कचेरीतल्या घड्याळात दहा वाजले तरी नेकनूरची एसटी गेल्याशिवाय दहा वाजले हे त्याला पटत नसे. नगरसेवकांच्या घरी सभेची नोटीस पोचवायची आणि टपालवहीत सही घ्यायची, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. समोरचा माणूस कितीही मोठा असो, आजची सही मागच्या सहीशी जुळवून बघितल्याशिवाय बसप्पा वही मिटायचा नाही. लोक चिडत. चिडला म्हणजे याचं काहीतरी काळंबेरं आहे, असं बसप्पा मनात धरायचा.

अंगठ्यांचा तर तो दर्दीच होता. चेहरे त्याच्या ध्यानात राहत नसत. सख्ख्या साडूला त्याने भर बाजारात ओळखलं नव्हतं आणि त्यावरून घरात महिनाभर रुसवा चालला होता. पण एकदा पाहिलेला अंगठा तो विसरायचा नाही.

शहाण्णवच्या डिसेंबरात निवडणूक झाली. जकात नाक्यापलीकडचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला होता, तिथून बायनाबाई निवडून आल्या. त्यांनी अर्ज भरला तेव्हा निवडणुकीच्या कामाला तहसिलीत बसप्पाच होता, शाईचा पॅड त्यानेच धरला होता. बाईंचा पदर नाकापर्यंत ओढलेला. पण डाव्या अंगठ्यावर विळ्याची तिरपी खूण होती, ती त्याने बरोबर टिपली.

जुलैत तो बायनाबाईंच्या घरी नोटीस घेऊन गेला. नेहमीप्रमाणे त्यांचे मालक आप्पाराव वही घेऊन आत गेले आणि अंगठा उठवून आणून दिली. बसप्पाने ठसा मागच्या ठशाशी जुळवला. जुळला. तेवढ्यात त्याला शाईच्या कडेला, आप्पारावांच्या बोटांना कायम असायचा तसला, तंबाखूच्या चुन्याचा ठिपका दिसला, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. ठसा भाकरीसारखा रुंद होता आणि तिरपी खूण कुठेच नव्हती. त्याने मागची पानं चाळली. पहिल्या सभेच्या नोटिसा तहसिलीतून गेल्या होत्या. त्यानंतरच्या पाचही याच वहीतल्या. पाचही ठसे एकमेकांशी जुळत होते आणि पाचही आप्पारावांचे होते! बावीस वर्षांच्या पारखीला एवढं साधं भोक असावं, याचा त्याला मनस्वी राग आला.

कचेरीत त्याने सभा-कारकून राधाकिशनला गाठलं.

"हजेरीपटात बायनाबाईचं काय हाय?"

"मोकळं हाय," राधाकिशन म्हणाला. "एक बी अंगठा न्हाई. बावीस तारखेला आली न्हाई तर गैरहजेरीचे सहा महिने भरतात. सभासदकी गेली समज."

"आप्पाराव तर दर सभेला येतो की."

"येतो, च्या पितो, मधी मधी बोलतो. म्हणून हजेरी लावू देतो व्हय मी त्याला?"

बसप्पाला सगळा डाव उलगडला. पडलेल्या उमेदवाराने आप्पारावला फितवलं असणार. जागा रिकामी, परत निवडणूक. बाईला घरात कोंडून ठेवलं असणार, नोटीस आल्याचं तिला कळूही दिलं नसणार. दोन दिवस त्याने हॉटेलासमोर उभं राहून आप्पाराव कुणाकुणाबरोबर चहा पितात ते पाहिलं. ते सगळ्यांबरोबरच पीत होते. त्यामुळे संशय आणखीच बळावला.

तिसऱ्या दिवशी नोटिशीची दुसरी प्रत घेऊन तो सायकलवर थेट शेतात गेला. बायनाबाई खुरपत होत्या. त्याने वही पुढे केली, पॅड उघडला. अंगठा उठला. तिरपी खूण! बसप्पाला भलताच आनंद झाला.

"बाई, तुमाला फसवलंय. पाच नोटिसा आल्या, पाची तुमच्या मालकानं दाबल्या."

बायनाबाईंनी अंगठा गवताला पुसला. "फसवलं न्हाई. मीच म्हणले त्यास्नी, तुमीच लावा अंगठा, तुमीच जावा."

"कावून?"

"पयल्या सभेला आलते की मी. नवं लुगडं नेसून. दारात माणूस उभा. म्हणला, अर्जवाल्या बायांनी खिडकीवर जायचं. मी म्हणले, मी बायनाबाई. तर म्हणला, सगळ्याच कायबाय सांगत्यात. मागून मालक आले, त्यास्नी सलाम करून आत घेतलं. मी दोन तास खिडकीपाशी उभी. मला वाटलं कायदाच तसा आसंल, बाईनं फकस्त निवडून यायचं."

बसप्पाने पॅडचं झाकण लावलं.

"त्यो माणूस तुमीच," बायनाबाई म्हणाल्या आणि पुन्हा खुरपायला लागल्या.

बावीस तारखेला स्वतः आलं नाही तर सभासदकी जाईल, एवढंच सांगून तो सायकल हातात धरून नाक्यापर्यंत चालतच आला. इतकी शरम त्याला आयुष्यात वाटली नव्हती. जगावर पहारा ठेवता ठेवता त्याने नेमक्या खऱ्या माणसालाच दारातून हाकललं होतं. सभासदकी जाणार होती ती त्याच्यामुळे.

बावीस तारखेला बायनाबाई आल्या. पुढे आप्पाराव होतेच. बसप्पाने दारात हात आडवा धरला. "आप्पाराव, तुमी बाकड्यावर बसा."

"मला आडवतोस? डोकं फिरलंय का बे?"

"बसा की भायेर," बायनाबाई मागून म्हणाल्या. "च्या मिळंल."

आत जाऊन त्यांनी हजेरीपटावर अंगठा उठवला. सभासदकी वाचली. नगराध्यक्षांनी पहिला विषय पुकारला, तशा त्या उभ्या राहिल्या.

"दारावरच्या माणसाला सभासदांची नावं दिली हायती का न्हाई?"

सभागृह हसलं. नगराध्यक्षांनी दाराकडे पाहिलं. "सांग रे बसप्पा."

नाही म्हटलं असतं तर कुणी खिसे तपासणार नव्हतं. यादी त्याच्या खिशातच होती.

"हायती साहेब. बाईनं पयल्या दिवशी नावबी सांगितलं व्हतं. मीच खोटं धरलं."

हसणं थांबलं. राधाकिशनने लेखणी उचलली. "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"सोडा हो," नगराध्यक्ष म्हणाले. "शिपायाची चूक, ती काय लिहायची."

बायनाबाई अजून उभ्याच होत्या.

"त्याची चूक नका लिवू," त्या म्हणाल्या. "पयल्या सभेला मी दारापतोर आलते, तेवढं लिवा."