सुतारकाकांचा संशय

कंपवाताच्या नव्या गोळीनं सुतारकाकांच्या हातांची थरथर थांबली आणि ते पुन्हा लाकडावर रंधा मारू लागले. पण महिन्याभरात त्यांच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं: पंखा दुरुस्त करून गेलेल्या वायरमनशी काकूंचं सूत जुळलंय! काकू आधी हसल्या.

"अहो, पळून जायला माझे गुडघे तरी साथ देतील का?"

काका हसले नाहीत. ते दाराला आतून कुलूप घालून किल्ली खिशात ठेवू लागले. काकूंनी हे लेकीलाही सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसाराची लाज चव्हाट्यावर कशी मांडायची?

अखेर तपासणीला गेल्यावर, काका वजनकाट्यावर उभे असताना, काकू डॉक्टरबाईंच्या कानाशी लागल्या.

"या गोळीनं असा संशय येऊ शकतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधीच सांगायचं होतंत!"

त्यांनी ती गोळी हळूहळू कमी करत बंद केली. संशय विरला, थरथर मात्र परतली. आता काकांच्या शर्टाची बटणं काकूच लावतात.

एकदा काकांनी मान खाली घालून विचारलं, "मी फार वाईट बोललो का गं?"

"बोललात," काकू म्हणाल्या. "हनुवटी वर करा, वरचं बटण राहिलंय."