चौदाव्या मजल्यावरचा नान

उस्ता हमरोकुलला उकाड्याची भीती कुणी घालायची नाही. समरकंदच्या वेशीजवळच्या आपल्या भट्टीत एकेचाळीस वर्षं कमरेपर्यंत वाकून त्यानं नान थापले होते. भट्टीच्या धगीनं त्याच्या भुवया कधी नीट वाढल्याच नाहीत. जुलैत गल्लीतली कुत्री सावली शोधत फिरत, तेव्हा हा गडी अंगात कापसाची बंडी घालून, टोपी मागे सारून ओट्यावर गरम चहा पीत बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "काय रे, हुडहुडी भरली की काय?" बोलताना एक हात असा काही पसरायचा, की जणू समोर सगळा गाव बसलाय आणि दाद द्यायचीच काय ती बाकी आहे.

त्यामुळे क्वालालंपूरहून मुलीचा, नफिसाचा, फोन आला आणि ती म्हणाली, "अता, इकडे फार गरम होतं हं, पातळ कपडे आणा," तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला. "पोरी, तुझा बाप भट्टीत राहतो!"

जावई दिल्शोदनं तिकडे छोटी खाणावळ काढली होती आणि भट्टीवर जाणता माणूस हवा होता. इकडे उस्ताची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकटा इल्योस चार वर्षांपूर्वी सैबेरियात बांधकामावर गेला तो गेलाच. घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

त्यांतल्या एका भिंतीवर इल्योसचा नान टांगलेला होता. माणूस दूर निघाला की दारातच नानचा एक घास तोडतो आणि उरलेला नान घरातले खिळ्याला टांगतात. परत येऊन तो त्यानंच संपवायचा, दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही. इल्योसचा नान चार वर्षांत लाकडासारखा टणक झाला होता, पण मधली नक्षी आणि तीळ जागच्या जागी होते. कडेला चावा होता. लहानपणी जर्दाळूच्या झाडावरून पडून पोराचा पुढचा दात अर्धा तुटलेला, म्हणून चाव्याच्या मधोमध एक बारीकसा उंचवटा राहिला होता. उस्ता रोज सकाळी त्या उंचवट्यावरून बोट फिरवी आणि मगच भट्टी पेटवायला जाई.

निघायच्या दिवशी त्यानं रिवाजाप्रमाणे स्वतःच्या नानचा घास तोडला आणि उरलेला शेजारच्या सोदिकच्या हाती दिला. सोदिक त्याचा शाळेपासूनचा मित्र. उस्ता दुसरा नान फडक्यात बांधायला लागला, तसा सोदिक म्हणाला, "अरे, तो कुठं नेतोस? माझ्या पडवीत खिळ्यांना काय तोटा आहे? दोन्ही राहू देत."

"लेकाचा नान परक्याच्या पडवीत?"

"मी परका झालो होय, टकल्या?"

"तसं नाही रे. पण तो येईल तो बापाकडेच येणार ना? मग नान बापाजवळच हवा."

"नान घराचा असतो. बापाचा नसतो."

"घराला तर कुलूप लावतोय," उस्ता म्हणाला.

क्वालालंपूरच्या विमानतळाबाहेर काचेचं दार सरकलं आणि उस्तानं पहिला श्वास घेतला. कुणीतरी तोंडावर ओला टॉवेल टाकावा तसं झालं. ऊन कुठंच नव्हतं. आभाळ राखाडी होतं. तरी गाडीपर्यंत पोचेतो बंडी पिळून काढावी इतकी भिजली. चौथ्या दिवशी ती खुंटीवर गेली, आठव्या दिवशी तिला वास यायला लागला. मानेवर, काखेत घामोळं उठलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना हसवलं, तो आता खुर्चीवर पाय पसरून पंख्याकडे तोंड करून गप्प बसू लागला.

"घाम येतो त्याचं काही नाही," तो शेजारच्या रोहानाबाईला म्हणाला. "पण आलाय तर जायला नको?"

नफिसानं ते तिला समजावून सांगितलं. रोहानाबाई खो खो हसली आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, इथं घाम पाहुणा नसतो, घरजावई असतो."

दिल्शोदनं ऐकलं आणि मान खाली घालून कांदा कापत राहिला.

भट्टीपाशी तर शोभाच झाली. समरकंदला पीठ मळून उस्ता एक झोप काढी, तोवर ते हवं तेवढं फुगे. इथं पाठ वळेपर्यंत ते परातीबाहेर सांडलं. सैल, चिकट, ऐकेना. त्यानं नान थापायच्या गादीवर घेतला, भट्टीत वाकला, भिंतीवर थापला. क्षणभर नान चिकटला आणि मग सावकाश घसरत निखाऱ्यात पडला. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. उस्ता तसाच वाकून राहिला, वर यायलाच तयार नाही.

"होतं असं, अता," दिल्शोद हळूच म्हणाला. "इथं पाणी जरा कमी लागतं."

"मला पाणी शिकवतोस?"

पण दुसऱ्या दिवशी त्यानं पाणी कमी घातलं. नान चिकटले. मात्र सकाळचे खुसखुशीत नान दुपारपर्यंत ओल्या चपलेसारखे होत. गिऱ्हाईक तक्रार करत नव्हतं. उस्ताच एकेक उचलून वाकवून बघे आणि परत ठेवी.

इल्योसचा नान चौदाव्या मजल्यावरच्या घरात, सोफ्याच्या वरच्या खिळ्याला होता. नवव्या सकाळी उस्तानं उंचवट्यावरून बोट फिरवलं आणि बोट आत रुतलं.

"नफिसा! अगं धाव! नान मऊ झालाय! काढल्या दिवशी होता ना, अगदी तसा!"

नफिसा धावत आली. बापाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी लाली आली होती. चार वर्षं दगड झालेला नान आपणहून मऊ पडतो म्हणजे काय? खाणारा वाटेला लागला, दुसरं काय! त्यानं तिथल्या तिथं फोन लावला.

"इल्योस, निघालास का रे?"

"कुठं, अता?"

"इकडे. घरी."

फोनमध्ये मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. "कागद कुठं झालेत अजून? आता बाहेर पडलो तर परत आत घेणार नाहीत. का? काय झालं?"

"काही नाही. सहज विचारलं."

तीन दिवसांनी नक्षीच्या कडेनं हिरवे ठिपके उठले.

रोहानाबाई आली, तिनं पाहिलं, बोटांनी चपला दाखवल्या, कपाटातली चामड्याची पर्स दाखवली. सगळ्यांवर तोच हिरवा. इथं असंच, तिचे हात सांगत होते.

उस्तानं तो नान खाणावळीत नेला. दुपारी भट्टी निवत आली की तो आत ठेवी, सुकवी, मऊ कुंच्यानं हिरवं झाडी आणि परत टांगी. चार दिवस बरे जात. पाचव्या दिवशी पुन्हा मऊ, सहाव्या दिवशी पुन्हा हिरवा. दर खेपेला कडेचा थोडा चुरा हाती येई. हा चुरा टाकायचा कुठं? खायचा नाही, कारण तो इल्योसचा. पायदळी जाऊ द्यायचा नाही, कारण तो नान. पाखरांना घालावा तर बुरशीचा. उस्तानं तो कागदाच्या पुडीत बांधून वरच्या खिशात ठेवला. घामानं पुडीही भिजली.

"अता, फ्रीजरमध्ये ठेवू या का?" नफिसा एकदा म्हणाली.

"मेलेल्या कोंबड्यांत? नान सगळ्यांच्या वर ठेवायचा असतो, हे तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

"मग वरच्या कप्प्यात ठेवते. कोंबड्या काढून टाकते."

"लोक माझ्या नानसाठी पहाटे रांगा लावायचे. आणि मी तो बर्फात घालू?"

त्याच आठवड्यात सोदिकचा फोटो आला. पडवीतल्या खिळ्याला उस्ताचा नान, खडखडीत, गेल्या महिन्यात होता तसा. खाली लिहिलं होतं, "तुझा मजेत आहे. पोराचा कसा आहे?" उस्तानं फोटो बराच वेळ पाहिला. कुणाबरोबर तिकडे धाडायचा तर ओळखीचं कुणी जात नव्हतं, आणि आता वाटेतच त्याचा भुगा झाला असता.

एका सकाळी उचलताना नानचा एक तुकडा हातात आला. उस्ता दोन्ही तुकडे ओंजळीत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"काढ कोंबड्या," तो म्हणाला.

मग तिकडे सैबेरियात हिवाळा आला. इकडे काहीच आलं नाही, तोच चिकट दिवस रोज उगवत राहिला. एका रविवारी दुपारी इल्योसचा फोन आला, चेहरा दिसणारा. कामावरून नुकताच आला होता, भुवयांवर बर्फ जमलं होतं. थोडं इकडचंतिकडचं झालं, मग तो म्हणाला, "खोलीतले दोघं आज गावी गेले, अता. एकाची आई म्हणे सकाळपासून नान काढून मांडीवर घेऊन बसलीय."

"असं?"

"माझा आहे ना भिंतीवर?"

चार वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"आहे," उस्ता म्हणाला.

"दाखवा ना."

उस्तानं खिळ्याकडे पाहिलं. रिकामा होता. मग तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीजरचं दार उघडलं.

"तिथं?" इल्योस हसला. हसता हसता थांबला. "म्हणजे तोही गारठलाय."

"इथली हवा मेली तशीच आहे रे. काही टिकत नाही."

"माझा चावा दाखवा."

उस्तानं पिशवी सोडली, अंगठ्यानं हिम पुसलं. कड सगळीकडून सारखीच झडली होती. उंचवटा कुठंच नव्हता. त्यानं तुकडा फिरवून पाहिला, दुसराही फिरवून पाहिला. मग एका खाचेवर बोट ठेवलं.

"हा बघ. इथं."

इल्योस पडद्याजवळ आला. बराच वेळ पाहत राहिला. आपला तुटका दात त्याला ठाऊक नव्हता थोडाच?

"हो," तो म्हणाला. "तोच."

"मग?"

"वसंतात बघतो, अता. कागदांचं बघतो."

"बघ."

फोन बंद झाला. फ्रीजर दार लावा म्हणून किणकिणू लागला. उघड्या दारातून ओली हवा आत शिरत होती आणि नानवर बारीक थेंब धरत होते, आधी एक, मग चार, मग सगळीकडे.

"अता, दार लावा," बाहेरून नफिसा म्हणाली. "भिजेल तो."

"लावतो," उस्ता म्हणाला. त्यानं दोन्ही तुकडे चावा आतल्या बाजूला येईल असे पिशवीत ठेवले, गाठ मारली आणि दार लावलं.