गंधाराखालची रेघ

मिरजेतले ते काका शंभर वर्षांपूर्वी छापलेली स्वरलिपीची पुस्तकं विकतात. कोमल स्वर ओळखायचा तो खालच्या रेघेवरून. छापताना ती राहिली असेल, तर पेन्सिलीनं ओढल्याशिवाय ते पुस्तक हातात देत नाहीत.

"आवं काका, उद्या गायनाची परीक्षा हाय. द्या की तसंच," मी चिडून म्हणाले.

"तसंच नेशील, तसंच गाशील. बस गप."

गुणगुणत त्यांनी पान न पान तपासलं. मी बसवलेल्या पदातच गंधाराखाली रेघ नव्हती. याच छपाईच्या झेरॉक्सवरून महिनाभर मी तो शुद्ध गात होते. काकांनी गिऱ्हाइकं थांबवून माझ्याकडून कोमल गंधार घोटून घेतला.

आमच्या घरात गाणं कळणारं कुणी नाही. पास झाले ती काकांमुळं. पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "लांब ठेव गं, पानांना तूप लागंल."