समुद्राच्या घरचा पाहुणचार

किस्से जमवावे लागत नाहीत. पंडरीच्या कापडबाजारात, माझ्या कामाच्या दुकानात थानं उलगडता-घड्या घालता सुताचा भुरा कसा आपोआप खांद्यावर बसतो, तसे ते बसतात. घरी येऊन झटकलं की कळतं, केवढे होते. आता आमच्या चौबे कॉलोनीच्या चहाच्या टपरीवर कोणी फिरायला जायचं नाव काढलं, की सगळे माझ्याकडे पाहतात. "भाऊ, ते समुद्राचं सांगा." मग मी सांगतो.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, आमची इंदू, शेजारचे बोंडे बाबू आणि त्यांच्या वनिता वहिनी. बोंडे बाबू रेल्वेतून रिटायर. ओडिशाच्या किनाऱ्यावरचा स्वस्तातला कॅम्प त्यांनीच मोबाईलवर शोधला. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता, पण खरी ओढ होती इंदूला. तिचे गुडघे गेलेले. समता कॉलोनीतला डॉक्टर म्हणाला, कुठं जायचं तर याच वर्षी जाऊन या. इंदू म्हणाली, "मले दुसरं काही नाही पाहायचं. समुद्राचं पाणी एकदा पायाले लागलं पाहिजे."

*

निघायच्या आधी ती मला पंडरीत घेऊन गेली. म्हणे, धोतर घ्या, जरीच्या काठाचं. मी म्हटलं, कोणाले?

"समुद्राले."

सोबत आलेल्या बोंडे बाबूंना हसू आवरेना. "वहिनी, नदीची ओटी भरतात, हे ऐकून आहे. समुद्राले धोतर काहून?"

"नदी बाई हाये, म्हणून तिची ओटी. हा तर जावई हाये," इंदू म्हणाली. "आपली खारून शिवनाथले मिळते, शिवनाथ महानदीले, अन् महानदी तिकडे समुद्रात. म्हणजे आपल्या गावची पोट्टी त्या घरी दिली ना. आजवर कोणी तिची विचारपूस केली काय?"

बोंडे बाबूंचं हसणं तिथंच थांबलं. मी तर जन्मभर खारूनचं पाणी प्यालो, पण ती पुढं कुठं जाते हे कधी मनातही आलं नव्हतं. शाळा मीही पाहिली नाही, हिनंही नाही. हिला हे सुचलं कुठून, देव जाणे.

*

कॅम्पच्या फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता. आम्ही पोहोचून खिडकी उघडली तर हातभर अंतरावर भिंत, आणि भिंतीवर रंगवलेला समुद्र. दोन नावा, एक सूर्य. सूर्यावर पाल बसलेली.

बोंडे बाबूंनी मॅनेजरला हाक मारली. "भैया, ये क्या है?"

"सी व्यू है, सर."

मी मात्र त्या भिंतीपुढं बसूनच राहिलो. काय लाटा काढल्या होत्या त्या रंगाऱ्यानं, एकीसारखी दुसरी नाही. म्हटलं, भिंतीवरचा असा आहे तर खरा कसा असेल!

बोंडे बाबू वरपर्यंत तक्रार करायला निघाले होते. इंदूनं त्यांना अडवलं.

"बाबू, पोरीच्या सासरी आलो आपण. नावं ठेवू नका. आपण जाऊ निघून, मागं ऐकावं लागते तिले."

*

नळाला पाणी यायचं ते खारट. आंघोळ खारट, चहा खारट. वनिता वहिनी चूळ भरून आल्या त्या तोंड वाकडं करूनच. "हे पिऊन राहायचं काय इथं?"

"बरोबर हाये त्याचं," इंदू म्हणाली. "आईबापानं पोरीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात. त्यानं पिण्यासारखं ठेवलंच नाही. रीतभात जाणणारं घर हाये."

*

पहिल्या संध्याकाळी कॅम्पफायर होता. सुरूच्या झाडांखाली आग पेटवायला मनाई, म्हणून मॅनेजरनं विटांच्या मधे टेबल फॅन उताणा ठेवला, त्याला लाल पन्नीच्या पट्ट्या बांधल्या आणि खाली बल्ब लावला. फॅन सुरू झाला तसा हुबेहूब जाळ. मी तर हात शेकायला पुढं केले.

तेवढ्यात लाइट गेली आणि आग विझली.

"भैया, आग कब आएगी?" वनिता वहिनींनी विचारलं.

"लाइन आते ही, दीदी."

सगळे हसले, आणि हसू संपल्यावर जी शांतता झाली, तिच्यात सुरूच्या बनापलीकडून आवाज आला. पंडरीतल्या सगळ्या दुकानांत एकदम थान टर्रकन फाटावं, तसा. मग पुन्हा. इंदूनं डोक्यावरून पदर घेतला.

*

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर लाल झेंडा लागला. हवा तेज, बनातली वाट बंद. इंदू दिवसभर धोतर मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी आमची गाडी होती.

त्या सकाळी बनातली वाट उघडली, तसे बोंडे बाबू मॅनेजरकडे गेले. मला वाटलं, आता भांडतात. पण ते म्हणाले, "भैया, एक कुर्सी दो, और तुम भी चलो." वाळूत इंदूला चालवेना, म्हणून दोघांनी मिळून तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर उचलून नेलं.

बन संपलं आणि मी उभाच राहिलो. कोणी निळं थान उलगडून राहिलं होतं आणि ते संपतच नव्हतं. जन्मभर ज्या माणसानं थानाची टोकं धरली, त्याला इथं टोक सापडेना.

पाण्याच्या पुष्कळ अलीकडं दोरी बांधलेली. मॅनेजर म्हणाला, "रस्सी के आगे नहीं, अम्मा. आज मना है."

"वहिनी, पाणी लय दूर हाये," बोंडे बाबू हळूच म्हणाले. "धोतर फेकू काय मी तिकडं?"

"आहेर फेकत नसतात, बाबू. अन् सासू उठून जात नसते. तो येईन."

आम्ही थांबलो. लाटा यायच्या, अर्ध्यातून परत जायच्या. मॅनेजर घड्याळ पाहत होता. "अम्मा, गाड़ी छूट जाएगी."

मग एक लाट आली ती थांबलीच नाही. दोरीखालून आली, खुर्चीचे पाय बुडाले आणि पाणी इंदूच्या पायांवरून वाहून गेलं.

"असू द्या, असू द्या. सुखी राहा," ती म्हणाली. घरून आणलेला नारळ तिनं धोतरावर ठेवला आणि ते पाण्यावर सोडलं. परतत्या लाटेनं ते नेलं. मग ती पुढं वाकली आणि खालच्या आवाजात बोलू लागली. "आमची खारून बरी हाये ना? जीवानं बारीक हाये ती. सांभाळजा."

मॅनेजर गोंधळला. "अम्मा किससे बात कर रही हैं?"

बोंडे बाबूंनी चपला कधी काढून ठेवल्या, ते मला कळलंही नव्हतं. त्यांनी मॅनेजरचा हात धरून त्याला बाजूला नेलं.

"थोड़ा इधर आ जाओ, भैया. घर की बात चल रही है."