केळुसकरबाईंची शिट्टी

केळुसकरबाई स्वतःला ऐकू न येणारी शिट्टी रोज सकाळी वाजवून बघत आणि मला विचारत, "वाजली का?" मी हो म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं. रबरी फुगा दाबला की वाजणारी ती बोटभर पितळी शिट्टी होती. आवाज इतका वरच्या पट्टीतला, बारीक की पन्नाशी उलटलेल्या माणसाला तो सहसा ऐकू येतच नाही. "माझ्या कानांचा वरचा मजला वयानं रिकामा झाला," असं बाई बिनदिक्कत सांगत. "पण या कारखान्यातल्या पोरांचा पंचविशीत रिकामा होतोय, त्याचं काय?"

सत्तरच्या दशकात पिंपरीतल्या एका कंपनीच्या दवाखान्यात त्या डॉक्टर होत्या आणि मी कंपाउंडर. शेजारीच प्रेस शॉप, म्हणजे यंत्रांवर पत्रे ठोकून आकार द्यायचा विभाग. तिथला दणदणाट आमच्या औषधांच्या बाटल्यांनाही सोसवत नसे. कंपनीची तपासणी म्हणजे चार हातांवरून नाव विचारायचं. उत्तर आलं की कान ठणठणीत. बाईंना ते पटत नव्हतं, म्हणून त्या शिट्टी वाजवून तपासत. त्या सांगत, आतल्या कानात बारीक आवाजाची जागा अगदी दाराशी असते, पहिला मार तिथेच बसतो. बोलणं ऐकू येईनासं होईपर्यंत आत बरंच मोडलेलं असतं. कंपनीचे साहेब मान डोलवायचे आणि फाइल बाजूला सारायचे.

साहेबांचं एक वेळ सोडा, कामगार तरी कुठे शहाणे होते? शिट्टीत नापास झालं तर पॅकिंगला पाठवतात, अशी बातमी पसरली होती. पॅकिंग म्हणजे बायकी काम, शिवाय बहिरा म्हणून नाव होणार. कानात घालायला दिलेला कापूस ही मंडळी दिवसभर खिशात जपून ठेवत. आणि तपासणीला त्यांनी अशी शक्कल काढली की आजही आठवलं तरी माझं डोकं फिरतं. उमेदवार भिंतीकडे तोंड करून उभा. बाईंनी फुगा दाबला की खिडकीबाहेरचा दोस्त खोकायचा आणि हा हात वर करायचा. स्वतःच्या कानांची फसवणूक, तीही इतकी मन लावून.

रहाटणीचा पांडुरंग त्यात पटाईत. त्याचं लग्न ठरत होतं. एकदा बाईंनी शिट्टीच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि फुगा दाबला. शिट्टी वाजलीच नाही. बाहेर खोकला झाला, पांडुरंगचा हात वर गेला. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि आधी प्रेसवरून निघ, असं परोपरीनं समजावलं.

"बाई, तुमी बोलताय त्ये समदं येतंय की मला. मग कान खराब कसा?"

"आज येतंय," बाई म्हणाल्या. "उद्याचं बोलतेय मी."

त्यांनी बदलीची शिफारस केली. पांडुरंगनं युनियनच्या पुढाऱ्याला मध्ये घालून ती रद्द करवली आणि प्रेस शॉपात पेढे वाटले. एक पेढा आमच्याकडेही आला. बाईंनी तो तसाच परत पाठवला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "यांचे कान यांच्याच हातून वाचवायचे म्हणजे मी करू तरी काय?" असं दोन दिवस पुटपुटत होत्या.

पुढे काही वर्षांनी त्या निवृत्त व्हायला आल्या तेव्हा पांडुरंग दवाखान्यात आला. सोबत त्याची तीनेक वर्षांची मुलगी. कानावर एखादं औषध द्या, म्हणाला. गडीमाणसांचं बोलणं थोडंफार ऐकू येतं, पोरीचं काहीच येत न्हाई.

"औषध नाही रे याला," बाई म्हणाल्या. त्याला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मग आणखी मोठ्यानं. एरवी हळू बोलणाऱ्या बाई शेवटी ओरडल्या, "एकदा गेलं की परत येत नाही, पांडुरंग."

त्या आवाजानं मुलगी घाबरली आणि बापाच्या मागे उभी राहून मुसमुसून रडू लागली. तो बाईंच्या ओठांकडेच बघत होता. बाईंनी बोट दाखवलं, तेव्हा तो मागे वळला.